काळा पडलेला भात

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, साठ-सत्तर माणसं उभी होती आणि कोणी खोकतही नव्हतं. मधोमध केळीचं पान मांडलं होतं. पानावर आदल्या दिवशीच्या जेवणातला उरलेला मूठभर भात. चंदनबुवांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि तांब्याच्या पळीतून भातावर चार थेंब सोडले. तीर्थ पिवळसर होतं, पातळ चहासारखं. थेंब पडले तिथे भात आधी जांभळट झाला, मग निळा, आणि बघता बघता काळाकुट्ट.

मागे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. बायकांनी पोरांना जवळ ओढलं.

बुवांनी लगेच बाजूला ठेवलेल्या ओल्या खोबऱ्यावर तेच थेंब टाकले. खोबरं नुसतं पिवळं झालं, काळं नाही.

"बघून घेवा," बुवा म्हणाले. "नारळ देवाचा फळ, तेका कोणाचो हात बाधणा नाय. भाताक बाधलो. जेवणात करणी आसा."

मग त्यांनी अर्धं लिंबू काळ्या भाताच्या एका कडेला पिळलं. त्या कडेचा काळा रंग माझ्या डोळ्यांदेखत विरत गेला आणि भात पुन्हा पांढरा दिसायला लागला. बाधा उतरू शकते, असं बुवांनी जाहीर केलं, पण तिला वेळ द्यावा लागेल. सूर्य मावळेपर्यंत पोरीच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, औषध तर नाहीच, कारण बाधा पाण्यातूनच अंगात पसरते.

पोर म्हणजे माझी अक्षया. पाच वर्षं आणि एक दिवसाची. ती पडवीत चटईवर होती, डोकं माझ्या मांडीवर. पहाटेपासून किती वेळा उलटी, किती वेळा जुलाब, मोजणं मी सोडून दिलं होतं. आदल्या दिवशी फुगे फोडत धावणारी माझी मुलगी आता डोळे अर्धे उघडे ठेवून वासे बघत पडली होती. ओठांवर पांढरी साय धरली होती. ती रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. मला वाटलं, दमली असेल.

"आई, पानी दे," ती म्हणाली.

"थांब हां राणी, थोडंच," मी म्हणाले. हो, मीच म्हणाले.

मी शिकलेली आहे. बांद्याच्या माहेरी बारावीपर्यंत विज्ञान घेऊन शिकले. तरी त्या खळ्यात मी गप्प का बसले, ते सांगायचं तर रविवारी काय झालं ते आधी सांगायला हवं.

रविवारी अक्षयाचा वाढदिवस होता. आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. भातकापणीचे दिवस, ऑक्टोबरचं ऊन असं की अंगणात ठेवलेला तांब्या हाताला चटका देई. तीसेक माणसं जेवायला सांगितली होती. कोंबडी-वडे, भात, सोलकढी आणि मालवणहून आणलेला दोन मजली केक. केकवर साखरेची मासोळी होती, कारण अक्षयाला राजकन्या नको होती, मासोळी हवी होती. केक इतका मोठा की फ्रिजमधल्या जाळ्या काढून तो आत बसवला आणि फ्रिज बंद केला. मग त्यात दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. केक वितळू नये एवढीच काळजी.

मदतीला शेजारच्या आनंदीबाई आल्या होत्या. त्यांना कोणी नाही. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ झालं नाही. वीस वर्षं त्या वाडीच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवतात. आमच्याकडचं असं एकही तरुण माणूस नाही ज्याने त्यांच्या हातचं खाल्लं नाही. त्यांनी वडे तळले, भात शिजवला आणि वाढलाही त्यांनीच. अक्षयाला नव्या फ्रॉकमध्ये बघून त्या म्हणाल्या होत्या, "किती गोड दिसता गो माझी बाय, दिष्ट लागात." आणि स्वतःची बोटं कानशिलांवर मोडली होती. त्या वाक्याचं पुढे काय होणार होतं, ते त्यांना कुठून कळणार?

आमच्याकडे शुभकार्याचं पहिलं पान वाडीच्या राखणदाराला. त्याला वाडी दाखवणं म्हणतात. घरातल्या वडील पुरुषाने आंब्याखाली पान ठेवून गाऱ्हाणं घातलं की मगच माणसांनी जेवायचं. आमचे चुलतसासरे जितेंद्रकाका अकराला येणार होते. पण शेतावर भात कापून पडलेलं, मजूर एक कमी. ते आले दीड वाजता. तोवर सगळं जेवण झाकून ओट्यावर. पोरं भुकेने कावली होती. वाडी दाखवून झाली आणि पंगत बसली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी स्वतः जेवायचंच विसरले.

संध्याकाळी अक्षया पोट दुखतं म्हणाली. पोट बिघडलं की आमच्याकडे दुसरं काय देतात? उरलेली सोलकढी होती. मी ती वाटीभर पाजली. थोपटून थोपटून पाजली.

सोमवारी उजाडता उजाडता तिचं सुरू झालं. आठ वाजेपर्यंत फोन यायला लागले: अमक्याचा मुलगा, तमक्याची सून, मुंबईहून आलेली दोन भाचरं. एकूण अकरा जणं आजारी, त्यातली सात मुलं. चौघांना त्यांच्या घरच्यांनी सरळ सरकारी दवाखान्यात नेलं. मीही निघाले होते. माझा नवरा विनीत रिक्षा बघायला गेला होता आणि कापणीच्या गडबडीत त्याला ती मिळत नव्हती. तेवढ्यात सासूबाई चंदनबुवांना घेऊन आल्या.

माझ्या सासूबाई, सत्यवती त्यांचं नाव, वाईट बाई नाहीत. नात म्हणजे त्यांचा जीव. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जातं. बुवांचा आवाज मोठा होता. हा माणूस इकडचा नव्हता. दोन महिन्यांपासून गावोगाव फिरत होता. एक वाक्य मालवणीत, एक शुद्ध मराठीत, आणि मध्येच "मी काय करत नाय, मी फक्त सिग्नल पकडतंय," असंही. गाऱ्हाणं ऐन रंगात असताना त्यांचा मोबाईल वाजला. बुवांनी डोळे मिटलेलेच ठेवून फोन कानाला लावला, दोन वाजेपर्यंत पोचतो म्हणाले, आणि जिथे मंत्र तुटला होता तिथून पुढे सुरू केला. एरवी मी हसले असते.

भात काळा पडल्यावर बुवांनी विचारलं, भात कोणी शिजवला?

सगळ्या माना एकदम वळल्या. कोणीतरी शाळेकडे धावलं. आनंदीबाई खिचडीची चूल तशीच दुसरीवर सोपवून आल्या, हाताला मुगाची डाळ चिकटलेली. त्यांना वाटलं, पोर अत्यवस्थ झाली म्हणून बोलावलं. त्या थेट पडवीकडे यायला लागल्या, तर बुवांनी काठी आडवी धरली.

"ही बाय काल जेवली?" बुवांनी विचारलं.

जेवली होती. भात, कोंबडी, दोन वडे.

"आणि हिका काय झाला?"

काहीच झालं नव्हतं.

"मगे? अकरा जण लोळतत, आणि शिजवणारी धडधाकट. आता मी काय सांगू? भातानच सांगल्यान."

कुजबूज सुरू झाली. काल दिष्टीचं बोलली होती म्हणे. पोर उचलून घेतलेलं म्हणे. एका बाईने, जिची दोन्ही मुलं आनंदीबाईंच्या खिचडीवर वाढली, मोठ्याने म्हटलं की उद्यापासून शाळेत डबा देणार. आनंदीबाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"वीस वर्सां तुमच्या पोरांका घातलंय," त्या म्हणाल्या. "एकाचा पोट दुखला नाय. आणि ह्या चेडवाक मी काय करीन?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. आणि मी मान खाली घातली.

भात काळा पडला तेव्हा मला काय वाटलं, ते आता लिहिते. मला वाटलं, सुटले.

पहाटेपासून माझ्या डोळ्यांपुढे एकच वस्तू येत होती आणि मी ती बाजूला सारत होते. आमच्या स्वयंपाकघरातला आडाळो. आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी: बसायला पाट, वर पातं, आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. चिरणं आणि खवणं एकाच अवजारावर. रविवारी सकाळी सातला विनीतने तीन गावठी कोंबडे त्याच आडाळ्यावर तोडले. त्यांचं रक्त, पाणी, कातडीचे तुकडे पात्यावरून खवणीपर्यंत. मी त्यावर दोन तांबे पाणी ओतलं, फडक्याने पुसलं आणि नारळ खवायला बसले. वडे थापता थापता आनंदीबाईंनी मला सांगितलं होतं, "कढत पाण्यान धू गो तो, साबण लाव. आमका शाळेत शिकवलेला." मी होय होय म्हटलं. घाई होती. केकवाला फोन करत होता.

खवलेला निम्मा नारळ भाजून कोंबडीच्या वाटणात गेला. निम्म्याचा रस काढून सोलकढीला ठेवला. तो रस कोणी उकळत नाही; कच्चाच पितात. नऊ वाजता काढलेला रस दीड वाजेपर्यंत ओट्यावर राहिला, त्या उन्हात, कारण फ्रिजमध्ये साखरेची मासोळी होती. कोकमाचं आगळ, म्हणजे आंबट अर्क, त्यात शेवटी घातलं, आणि मुलांना आंबट लागू नये म्हणून त्यांच्या पेल्यांत अगदी थोडं.

हे सगळं मला ठाऊक होतं, सुटं सुटं. ते जोडायचं धैर्य नव्हतं. बुवांनी मला न जोडण्याची परवानगी दिली. दोष आनंदीबाईंचा झाला की माझा उरत नव्हता. एवढ्या स्वस्तात मी एका बाईला विकत होते, आणि मांडीवर माझी मुलगी पाणी मागत होती.

साडेबाराला खळ्याबाहेर स्कूटी थांबली. आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका, शर्मिला सिस्टर. दवाखान्यात आलेल्या चारही मुलांनी एकाच घरचं नाव सांगितलं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं. गर्दी बाजूला करून त्या सरळ पडवीत आल्या. अक्षयाच्या पोटावरची कातडी त्यांनी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. शिंपीण कापडाला घडी घालते तशी उभी राहिली आणि हळूहळू विरली. सिस्टरांचा चेहरा बदलला.

"लघवी कधी झाली हिला?"

पहाटेनंतर नाही.

"पाणी किती दिलंत?"

मी सूर्य मावळेपर्यंतची बंदी सांगितली. सिस्टरांनी पिशवीतून जलसंजीवनीचं पाकीट काढलं आणि उकळून गार केलेलं पाणी मागितलं. मी उठून तांब्या आणला. त्यांनी पाकीट वाटीभर पाण्यात विरघळवलं आणि वाटी-चमचा माझ्या हातात दिला. आणि तेव्हा सासूबाईंनी अक्षयाच्या तोंडावर हात ठेवला.

"नको गो बाय," त्या सिस्टरांना म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "पाणी दिलंस तर जीव जातलो तिचो. बुवांनी सांगल्यानी. सांजेपर्यंत थांब. मी तुझ्या पाया पडतंय."

बुवाही पुढे आले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं बजावलं की आता मध्ये कोणी पडलं आणि काही बरं-वाईट झालं, तर ते त्याच्या माथी. खळं गारठलं. विनीत रिक्षा घेऊन आला होता, तोही उंबऱ्यात थिजला. माझ्या एका हातात पाण्याची वाटी आणि दुसऱ्यात चमचा, आणि मला, विज्ञान शिकलेल्या आईला, खरोखर कळत नव्हतं की या चमच्याने माझी मुलगी वाचेल की मरेल. भीती काय असते ते मला त्या क्षणी समजलं. तिच्यापुढे शिक्षण उभं राहत नाही.

सिस्टर सासूबाईंशी भांडल्या नाहीत. त्यांनी पानावरचा काळा भात पाहिला, मग बुवांच्या उजव्या हाताची बोटं. बोटांची टोकं पिवळी-तपकिरी होती. पळी उचलून त्यांनी वास घेतला आणि आता त्या मालवणीत बोलल्या.

"काकी, माका दोन मिन्टां देवा. फक्त दोन. मगे तुमका वाटात तसा करा."

त्यांनी स्कूटीच्या डिकीतून आपला जेवणाचा डबा आणला. त्यात भात होता, त्यांच्या घरचा, आईने सकाळी शिजवलेला, आमच्या घरापासून चार मैलांवर. तो त्यांनी झाकणात काढला. पिशवीतून जखमेवर लावायच्या तपकिरी औषधाची बाटली काढली, तीच जी पोरांचा गुडघा फुटला की आपण लावतो. त्यातले थेंब पाण्यात घातले. पाणी पिवळसर झालं, पातळ चहासारखं. मग ते डब्यातल्या भातावर टाकलं.

भात काळा पडला.

"माझ्या डब्यात करणी कोणी केल्यान, काकी?" सिस्टरांनी विचारलं. "माझ्या आवशीन सकाळी भात केलो. आनंदीबाय थंय इली नव्हती."

बुवा म्हणाले, बाई या खळ्यात आल्या म्हणून त्यांच्या डब्यालाही बाधा लागली. सिस्टरांनी मान डोलावली आणि गर्दीकडे वळून सांगितलं की ज्याला हवं त्याने आपापल्या घरून मूठभर भात आणावा, खळ्याबाहेर रस्त्यावर बघू. पण कोणी हलायच्या आधीच सासूबाई उठल्या. त्यांचा हात अक्षयाच्या तोंडावरून निघाला होता. त्या बुवांच्या झोळीपाशी गेल्या.

"सकाळी तुमका शेर पोहे घातलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या झोळयेत आसत. तुमच्या झोळयेक तरी बाधा लागाची नाय ना?"

बुवांनी झोळी मागे ओढली. सासूबाईंनी ती ओढून घेतली. सत्तरीची बाई, पण मासळीची टोपली डोक्यावर वाहिलेली. तिच्या हाताला बुवा पुरे पडले नाहीत. पोहे पानावर ओतले, पळीतलं तीर्थ स्वतः त्यांच्यावर रिकामं केलं. पोहे काळे. झोळीतून कापडात गुंडाळलेली एक छोटी बाटलीही घरंगळली. सिस्टरांच्या हातात होती तशीच.

मी त्या सगळ्याचा शेवट पाहिला नाही, कारण सासूबाईंचा हात निघाला त्याच क्षणी मी पहिला चमचा अक्षयाच्या ओठांना लावला होता. तिने तो चोखला. दुसरा चोखला. तिसऱ्याला जीभ बाहेर आली. सिस्टर म्हणाल्या, घाई नको, घोट घोट, थोडं थोडं. मी चमचे देत होते आणि कानांनी ऐकत होते.

सिस्टर सांगत होत्या की त्या औषधात आयोडीन असतं. भात, पोहे, बटाटा, पोळी या सगळ्यांत पिष्ट म्हणजे स्टार्च असतो. आयोडीन आणि स्टार्च भेटले की निळा-काळा रंग येतो, देवळातला भात असो की हॉटेलातला. ओल्या खोबऱ्यात स्टार्च जवळजवळ नसतो, म्हणून ते पिवळंच राहतं. आणि लिंबात क जीवनसत्त्व असतं. ते आयोडीनचा जोर मोडतं, म्हणून रंग पुसला जातो. त्यांनी आमच्याच घरातलं लिंबू आपल्या डब्यावर पिळून दाखवलं. "सातवी-आठवीच्या पोरांनी शाळेत केलेला प्रयोग आहे हा," त्या म्हणाल्या. बाजूला उभी असलेली नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, होय, आम्ही बटाट्यावर केला होता, पण मला वाटलं ते वेगळं. तिला कोणी रागावलं नाही. आम्हालाही वेगळंच वाटलं होतं.

"मगे पोरां आजारी कशान पडली?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. प्रश्न रास्त होता. करणी खोटी ठरली तरी अकरा माणसं लोळत होतीच.

सिस्टरांनी वही काढली. कोण काय जेवलं, एकेकाचं विचारत गेल्या. कोंबडी सगळ्यांनी खाल्ली होती. जितेंद्रकाकांनी तर तीनदा, आणि ते समोर ठणठणीत उभे होते. भात सगळ्यांनी खाल्ला होता. केकही. सोलकढी? जितेंद्रकाकांना सर्दी होती, त्यांनी घेतली नव्हती. आनंदीबाई कधीच घेत नाहीत, त्यांचा घसा धरतो. मी जेवलेच नव्हते. मोठ्या माणसांनी आंबट कढी घेतली, त्यांतली थोडी आजारी पडली. मुलांनी फिकी घेतली, ती जवळजवळ सगळी. यादी संपली तेव्हा आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे कढी होती.

"कढीचा रस कधी काढला होता? आणि नारळ कशावर खवला?" सिस्टरांनी विचारलं.

हा प्रश्न माझ्यासाठी होता. अक्षयाला मी विनीतच्या मांडीवर दिलं आणि पडवीच्या पायरीवर उभी राहिले. आडाळ्याचं सांगितलं, दोन तांबे पाण्याचं सांगितलं, फ्रिजमधल्या केकचं, साडेचार तास ओट्यावर राहिलेल्या रसाचं. संध्याकाळी पुन्हा वाटीभर पाजल्याचं सांगताना मला रडू आलं, पण मी थांबले नाही. शेवटी म्हणाले, "आनंदीकाकींनी माका आडाळो धू म्हणान सांगलेला. मी आयकलंय नाय. आणि आता दोन तास ह्येंका चोर ठरवतहत, तेव्हाही मी गप्प रवलंय."

आनंदीबाई पडवीत चढल्या, अक्षयाचा एक पाय मांडीवर घेऊन तळवा चोळायला लागल्या आणि विनीतला म्हणाल्या, "रिक्षा कित्याक थांबवलं आसस? चल."

बुवांच्या मोटरसायकलची चावी तोवर जितेंद्रकाकांच्या खिशात गेली होती आणि पोलीस पाटलांना फोन झाला होता. कोणाचं नाव घेऊन करणीचा आरोप करणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे सिस्टरांनी बुवांना शुद्ध मराठीत समजावलं. बुवांना त्या वेळी सिग्नल मिळत नव्हता.

दवाखान्यात अक्षयाला तीन दिवस सलाईन होतं. तपासणीत जे जंतू निघाले ते कच्च्या कोंबडीवर नेहमी सापडणारे. ते शिजवण्याने मरतात, म्हणून कोंबडी खाणाऱ्यांना काही झालं नाही. खवणीवरून ते कच्च्या नारळात गेले आणि उन्हात तासागणिक वाढत राहिले; मोठ्यांच्या कढीत आगळाच्या आंबटपणाने त्यांचा जोर थोडा मोडला, मुलांच्या फिक्या कढीत तोही नाही. बाकी दहाही जणं बरी झाली. आणखी दोन तास उशीर झाला असता तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर कळलं की शाळेत अजूनही दोन मुलं डबा आणतात. करणी नाही हे पटलं, पण उगाच कशाला, असं त्यांच्या घरचे म्हणतात. अशी ही गोष्ट: खोटं उघडं पडलं तरी त्याचा डाग ज्याच्यावर उडाला त्याच्यावर राहतोच. म्हणून पुढच्या सोमवारी मी खिचडीच्या वेळेला अक्षयाला घेऊन शाळेत गेले. फाटकापाशी आया उभ्या होत्या. त्यांच्यासमोर मी आनंदीबाईंची माफी मागितली.

त्या पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुका माझा नाव सोडवूक दोन तास लागले, दीपिका. ता मी इसराचंय नाय." मग खाली बघून अक्षयाला विचारलं, "तुका भूक लागली काय गो?"

अक्षयाने मान डोलावली. त्यांनी तिला ओंजळीएवढी खिचडी वाढली, तिने ती फुंकून फुंकून खाल्ली आणि आणखी मागितली. डबा आणणारी दोन मुलं बघत होती.

घरी समारंभ करणाऱ्या माझ्यासारख्या आयाबहिणींना एवढंच सांगते. कच्च्या मांसाचं पातं आणि नारळाची खवणी वेगळी ठेवा. वेगळी नसेल तर साबणाने आणि कढत पाण्याने धुवा, हातही धुवा. कच्च्या नारळाचा रस पंगत बसायच्या वेळीच काढा, नाहीतर फ्रिजमध्ये जागा करा. केक थोडा लहान चालतो. राखणदाराचं पान जरूर ठेवा, पण त्यासाठी जेवण तासन्‌तास उन्हात ताटकळू देऊ नका. पान आधी वाढता येतं. पोरांना जुलाब लागले तर चमच्या-चमच्याने जलसंजीवनी द्या आणि दवाखाना गाठा. आणि कोणी तुमच्या अंगणात उभा राहून चमत्कार दाखवू लागला, तर घाबरा हवं तर, मीही घाबरले होते, पण त्याला म्हणा की हेच दुसऱ्या घरच्या भातावर करून दाखव. मग स्वतःला विचारा: काय खाल्लं, कधी केलं, कशावर चिरलं. उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात निघालं, तरी विचारा.